तांबूला आवतण

टप्.

दुपारचे अडीच वाजले होते. दीड तास वाटाघाटी करून आचल एकदाची झोपली होती. सासूबाई ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. पाच वर्षांच्या लेकराच्या आईला शांतता मिळते ती आमच्या गावातल्या नळासारखी. चार दिवसांआड येते, अर्धा तास टिकते आणि तेवढ्यात सगळी भांडी भरून घ्यावी लागतात. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, पहिला शब्द लिहिणार तोच खिडकीखालून पुन्हा आलं. टप्.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टिनाच्या शेडमध्ये आमचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्या पोटाखाली मी परात ठेवली होती आणि तिच्यात तेलाचा थेंब पडत होता. परात माझ्या रुखवतातली. आईनं तिच्यावर माझं नाव कोरून घेतलं होतं, ते आता तेलाखाली बुडालं होतं. यात काही संकेत असेल तर मला नको आहे.

ट्रॅक्टरचं नाव तांबू. कंपनीनं त्याला दुसरं नाव दिलं आहे, पण ते आमच्याकडे कोणी घेत नाही. घरातला शेवटचा बैल तांबू होता, रंगानं लाल. तो गेल्यावर माझे सासरे नत्थुजी (मी त्यांना मामाजी म्हणते) म्हणाले, आता बैल नाही. आणि दर्यापुरातून एक जुना ट्रॅक्टर घेऊन आले. तोही लाल. नाव बदलायची गरजच पडली नाही. पोळासुद्धा बदलला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावतात आणि त्याला रीतसर आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मामाजी हळद-लोणी तांबूच्या मागच्या आसाला लावतात. आवतण मात्र तेच देतात, त्याच आवाजात, हात जोडून. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, ओवाळणी, सगळं.

तर हा तांबू गळत होता. नुसतं गळणं असतं तर मी पराती बदलत आयुष्य काढलं असतं. पण गळत होता हायड्रोलिकचा पंप. ट्रॅक्टरच्या मागे पेरणीयंत्र जोडलं की ते उचलायचं आणि ठेवायचं काम हा पंप तेलाच्या दाबावर करतो. आमचा तांबू आता यंत्र हातभर उचलायचा आणि थरथरत खाली सोडायचा, आजारी माणसानं भरलेली बादली सोडावी तसा.

आणि दिवस होते हरभरा पेरायचे. आमचा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी एवढं खारट की त्यात डाळ शिजत नाही, पिकाला देण्याची तर गोष्टच नाही. हरभरा वाढतो तो पावसाळ्यानं काळ्या मातीत मागे ठेवलेल्या ओलीवर. ती ओल उतरली की बी मातीत पडून नुसतं वाट पाहतं. मामाजी रोज सकाळी वावरात जाऊन मातीचा गोळा मुठीत दाबून पाहायचे.

"आठ दिवस," ते म्हणाले. "त्याच्यावर एक दिवस नाही."

गावातले बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या वावरात होते. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमचं झालं का तुमचंच." सगळ्यांचं व्हायला दहा दिवस लागणार होते, हे हिशेब न करताही कळत होतं.

घरात पुरुष दोन. माझा नवरा कुलदीप मास्तर आहे. त्याला अमरावतीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. विषय, ताणतणावाचं व्यवस्थापन. तिथे सकाळीच फोन जमा करून घेत. रात्री आठ वाजता तो फोन करून मला सांगे, "दीर्घ श्वास घे." दुसरे पुरुष मामाजी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वाकायचं नाही, धूळ नाही, ट्रॅक्टर नाही. काळा चष्मा लावून ते तांबूच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, दवाखान्यात बसतात तसे.

"मी पाहते," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी का म्हणाले, याचं कारण असं की लग्नाआधी मी अमरावतीत बारावीच्या क्लासला भौतिकशास्त्र शिकवत होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम मी सलग चार वर्षं फळ्यावर काढला होता. चित्रातला ट्रॅक्टर माझ्या हातचा इतका सुंदर यायचा की मुलं तो वहीत उतरवून घेत.

"पास्कलच्या नियमावर चालतं हे," मी सासूबाईंना समजावलं.

त्यांनी तांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पास्कल कोन? अकोल्याचा मिस्त्री हाये का? मंग बोलाव ना त्याले."

आता मध्येच माझ्या दुसऱ्या प्रकल्पाबद्दल सांगायला हवं, कारण तो याच काळात चालू होता. तो म्हणजे आचलला जेवू घालणं. माझी लेक घास घेते. चावते की नाही ठाऊक नाही, पण घेते. मग तो डाव्या गालात ठेवते आणि कामाला लागते. तासाभरानं बघावं तर घास तिथेच, मुक्कामाला. "गिळ," मी म्हणते. "थुकायचं नाही. थुकून तर बघ." हे मी दिवसातून तीनदा म्हणते. या आघाडीवर मला पाच वर्षांत एकच घवघवीत यश मिळालं. यंदाच्या पोळ्याला आचलनं अख्खी पुरणपोळी खाल्ली. मी तिला पोळी हातात देऊन तांबूच्या सीटवर बसवलं, सासूबाईंनी हाक मारली म्हणून आत जाऊन आले, तर ताटली साफ. गाल रिकामे. मी लगेच तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि अमरावतीला आईला फोन करून रडले. आईही रडली.

असो. तांबू.

पहिले धावून आले शेजारचे सूर्यभानजी. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले, पण उपदेशातून निवृत्ती त्यांनी अजून घेतलेली नाही. त्यांनी बोट तेलात बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"सील गेलं याचं," ते म्हणाले. "धुन्याचा साबन आन, बाई. आमी परतवाड्याच्या घाटात डिझेलची टाकी साबनावर आनली होती."

मी साबण ओला करून सांध्यावर थापला. गळणं थांबलं. आम्ही एकमेकांकडे अभिमानानं पाहिलं. तेवढ्यात वीतभर अंतरावरच्या दुसऱ्या सांध्यातून तेल डोकावलं. तिथे साबण लावला, तर ते तिसरीकडून आलं. अख्खी वडी संपली. तांबूला इतका छान वास कधीच येत नव्हता.

"पयलं भोक बंद झालं का नाही?" सूर्यभानजी हात झटकत म्हणाले. "आपलं काम तेवढंच होतं."

मग वेल्डिंगवाला मनोज आला. तो कमी बोलतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्यानं पंप खोलून बाहेर काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आपल्याच्यानं नाही होत, वहिनी. अकोल्याले कुर्बानभाई हायेत. जुन्या पंपाचे डॉक्टर." पंप तान्ह्या बाळाएवढा होता, वजनही तेवढंच. आणि थेंब थेंब गळत होता, तेही तसंच.

कदाचित म्हणूनच असेल, मला पहिली आठवण झाली ती आचलच्या जुन्या दुपट्याची. आधी मेणकापड, त्यावर दुपटं. टोक आत खोचून मी तो असा बांधला की हाताला सवय आठवली. पाच वर्षांत हात काही विसरले नव्हते.

दर्यापूरहून अकोल्याची एसटी भरलेली होती. मी चढले मात्र, पुढच्या सीटवरची एक म्हातारी चटकन खिडकीकडे सरकली. "बस माय, बस. लेकरू घेऊन उभी कावून राह्यली?" मी काही बोलायच्या आत बसले. हा माझा गुन्हा. पुढच्या तासाभरात जे घडलं त्याची जबाबदारी त्या एका बसण्यावर आहे.

"किती मयन्याचं?" म्हातारीनं विचारलं.

"जुनं आहे," मी म्हणाले.

तिला ते नीट ऐकू गेलं नसावं. "ऊन लागून राह्यलं त्याले," म्हणून तिनं आपला पदर माझ्या मांडीवर धरला. समोरच्या बाईनं टाळ्या वाजवून दाखवल्या. कंडक्टरनं सगळ्यांना खिडक्या लावायला सांगितल्या. आता खरं सांगणं म्हणजे एवढ्या माणसांच्या मायेचा अपमान होता. मी पंपाला थोपटत राहिले. मुर्तिजापूर फाट्याच्या अलीकडे म्हातारीनं दुपट्याखाली हात घातला आणि म्हणाली, "बाई, ओलं झालं वं लेकरू." मग तिनं हात बाहेर काढला. हात काळा होता.

तिनं तो पदराला पुसला. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरले दाखव, माय."

"त्याच्याकडेच चाललेय," मी म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

अकोल्यात आधी सील घ्यायला एका मोठ्या चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता ट्रॅक्टरच्या मालकाचा मोबाइल नंबर विचारला. "ओटीपी येईल, तो सांगा." नंबर मामाजींचा होता, फोन घरी होता. मी सासूबाईंच्या फोनवर फोन लावला. मामाजींना डोळ्यांमुळे दिसेना. सासूबाईंना अक्षर लागत नाही. त्यांनी आचलला बोलावलं. आचलला अंगणवाडीत आकडे येतात, पण तिला ते सलग म्हणायचे असतात.

"वन, टू, थ्री, फोर..."

"बाळा, तिथे लिहिलेत ते वाच."

"तिथं सिक्स हाये. नाही, उलटा सिक्स हाये. आबाजी, फोन सिधा धरा ना!"

तीन वेळा वेळ संपली. चौथ्यांदा संगणकानं उद्या या असं सांगितलं. त्यातच ट्रॅक्टरचा अनुक्रमांक हवा होता, आणि तो कोरलेल्या पट्टीवर मामाजींनी पोळ्याला लाल ऑइलपेंटचे दोन हात दिलेले होते. मी पंप पुन्हा कडेवर घेतला. बाहेर पडताना काउंटरवरची मुलगी पहिल्यांदाच वर पाहून हसली आणि दुपट्याला टाटा केलं.

कुर्बानभाईंचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली, भिंतीभर लटकवलेले पंप आणि मध्ये पांढऱ्या दाढीचे कुर्बानभाई. त्यांनी दुपटं उलगडलं, एक शब्द न बोलता घडी करून माझ्या हातात दिलं, आणि पंप खोलला. बिस्किटाच्या डब्यातून सील शोधून बसवले. मग पंप कानाशी धरून हातानं फिरवला.

"सील जुने होते, ते बदलले," ते म्हणाले. "पन ताई, ये पंप तो जवान है. हा गळनारा पंप नाही. याले कोनीतरी आतून ढकलून राहिलं."

"कोण?"

"थे मले कसं मालूम? पंप तुम्ही आनला, गाडी त घरीच ठेवून आल्या."

घरी आले. मनोजनं पंप बसवला. तेल भरलं. तांबू सुरू झाला, पेरणीयंत्र उचललं, ताठ धरलं. सूर्यभानजींनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळली. मी "फार काही नाही, साधा पास्कलचा नियम" असं म्हणालेच. अर्ध्या तासानं तांबू गरम झाला. आणि मी आवरून ठेवायला उचललेल्या परातीत पडलं, टप्.

मामाजींनी चष्मा काढून पुसला आणि उठून वावराकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीतली माती गोळा न होता बोटांतून सांडत होती. "खाली हाये अजून ओल," ते म्हणाले. "दोन दिवस." त्या रात्री कुलदीपनं दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

सकाळी कुर्बानभाईंना फोन केला. तक्रार करायचा विचार होता, पण पुन्हा गळतंय एवढंच सांगितलं. पलीकडून तेच म्हणाले, "आलो. मेरे हाथ का पंप गळते म्हनून कोनी म्हनलं, त मले नींद नाही येनार."

दुपारी ते स्कूटरवर आले. पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. मनोजला तांबू चालू करायला लावला, आसावर तळवा ठेवून बसले, आणि तो चांगला तापल्यावर मामाजींना विचारलं, "काका, हा दम कुठून घेते?"

"दम?"

"तेल तापलं का आतली हवा फुगते. तिले बाहेर जायाले एक नळी असते. थे बंद असली, त हवा तेलालेच ढकलते. मंग तेल जिथून वाट भेटन तिथून येते."

मी खांबाला टेकले. साबण एका जागी लावला की तेल दुसरीकडून येत होतं. दाब सगळीकडे सारखाच पोहोचत होता. चार वर्षं. फळ्यावर. रंगीत खडूनं.

"थे सोन्याचं काय हाये?" कुर्बानभाईंनी सीटच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे सोनेरी रंगवलेलं एक टोपण होतं.

मामाजी जरा लाजले. "थे... बैलाच्या शिंगाले पितळेच्या शेंब्या नसतात का? तसं. पोळ्याले काढून रंगोलं होतं, वाळल्यावर बसोलं."

कुर्बानभाईंनी टोपण फिरवून काढलं. खाली बोटाएवढी नळी, पण तोंडापर्यंत भरलेली. त्यांनी तार घालून हळूहळू ओढलं. फुस्स करून हवा सुटली, म्हाताऱ्यानं ओझं उतरवून उसासा टाकावा तशी. सोबत बोटभर लांबीचं, काळंकुट्ट, कडक काहीतरी बाहेर आलं. आणि परातीतला आवाज थांबला.

"उंदराचं पिल्लू," शेजारून बघायला आलेले सूर्यभानजी म्हणाले.

कुर्बानभाईंनी ते मोडलं, नाकाशी नेलं. भुवया वर गेल्या. "ताई, हे त पुरन हाये."

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी तुकडा घेतला, हुंगला, आणि ठाम आवाजात निकाल दिला, "माह्यंच हाये. सुंठ मीच टाकतो. गावात दुसरं कोनी टाकत नाही."

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आचल खांबामागे उभी होती. डावा गाल फुगलेला, सकाळच्या पोह्यांनी.

"आबाजीनंच त्याले आवतन देल्लं होतं," ती म्हणाली. "उद्या जेवाले या म्हने. अन् दुसऱ्या दिवशी ताट नुसतं दाखोलं अन् घरात नेलं. तो उपाशीच होता. म्हनून मी माह्यी पोळी त्याले देल्ली. गुंडाळी करून. हळूहळू खाल्ली त्यानं. मी नाही ढकलली जास्त."

पहिला हसला मनोज, जो कधी हसत नाही. मग सूर्यभानजी, मग कुर्बानभाई, दाढीपर्यंत हलत. मामाजी मात्र हसले नाहीत. ते खुर्चीवरून उठले, डॉक्टरनं मना केलेलं असताना वाकले आणि आचलच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माह्यी हाये, बाई. पावन्याले बोलावलं अन् जेवू नाही घातलं."

आणि मी? माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती अख्खी पुरणपोळी. ते स्टेटस, ज्याखाली माझ्या नणंदेनं "शिकण्यासारखं आहे" असं लिहिलं होतं. आईचं ते फोनवरचं रडणं. पाच वर्षांतलं माझं एकमेव यश तांबूनं खाल्लं होतं, आणि तेही त्याला पचलं नव्हतं.

कुर्बानभाई निघताना सासूबाईंनी त्यांना डबा भरून दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावला आणि मला म्हणाले, "ताई, फिकर नको करू. पंपात काय, लेकरात काय, दम घ्यायची वाट मोकळी पाहिजे. बाकी सब अपने आप उतरते."

दुसऱ्या दिवशी पहाटेच पेरणी सुरू झाली. तांबू मनोजनं चालवला. मी मागे पेरणीयंत्राच्या फळीवर उभी राहून बियांच्या नळ्या तुंबत नाहीत ना ते पाहत होते. तुंबलेल्या नळ्या हा आता माझा खास विषय आहे. प्रत्येक वळणावर तांबू यंत्र उचलायचा, ताठ धरायचा आणि अलगद ठेवायचा. बांधावर काळा चष्मा लावून मामाजी उभे होते. शेवटचं तास, म्हणजे पेरणीची शेवटची रेघ, संपलं तेव्हा त्यांनी तासातली माती खालून उकरली, मुठीत दाबली आणि हात उघडून मला दाखवला. गोळा झाला होता. त्यावर त्यांच्या चारही बोटांचे ठसे होते.

सातव्या दिवशी रेघारेघांनी हरभरा वर आला.

आज दुपारी ओसरीवर सासूबाई आडव्या झाल्या आहेत. परात घासूनपुसून मी फळीवर ठेवली आहे, माझं नाव पुन्हा वाचता येतं. खिडकीखालून काहीच ऐकू येत नाही. मी वही उघडून हे सगळं लिहीत बसले, तर आचल झोपली नव्हतीच. ओट्यावर बसून ती खिडकीतून तांबूकडे पाहत होती. डाव्या गालात भाताचा घास, जेवण होऊन पाऊण तास झालेला. मी सवयीनं "गिळ" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं घास उजव्या गालात सरकवला.

"आई," ती म्हणाली, "तांबूले पोळी आवडली नव्हती, त त्यानं थुकून कावून नाही देल्ली? इतके दिवस तोंडात धरून बसला बिचारा... तू रागावली असती म्हनून?"